शहराच्या इतिहासाचं संग्रहालय : प्रदर्शनं आणि कार्यक्रमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या इतिहासाच्या संग्रहालयात दालनं दाखवण्याचं काम मी बरीच वर्षं करत आले आहे. लोक तिकीट खिडकीपाशी, जिन्यात, कधी निघता निघता दारात गाठून प्रश्न विचारतात, आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले कुठल्याही शहराच्या संग्रहालयाला लागू पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींना मी जास्त जागा दिली आहे, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच पुष्कळ आहे.

शहराच्या इतिहासाचं संग्रहालय इतर वस्तुसंग्रहालयांपेक्षा वेगळं कसं?

कलेच्या संग्रहालयात वस्तू तिच्या कारागिरीसाठी ठेवतात, पुरातत्त्वाच्या संग्रहालयात तिच्या प्राचीनतेसाठी. इथे एकच गोष्ट पाहतात : या वस्तूतून या शहरात माणसं कशी राहत होती ते कळतं का? त्यामुळे एखाद्या सरदाराच्या तलवारीशेजारी सार्वजनिक नळाची चावी, बसची तिकिटं, शाळेचा हजेरीपट किंवा दुकानाची पाटी दिसली तर चुकून ठेवली असं समजू नका. ती विचारपूर्वक निवडलेली असते.

अशी संग्रहालयं का निघाली हे पॅरिसच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथला सरकारी प्रशासक बॅरन ओस्मान याने रुंद, सरळ रस्त्यांसाठी तिथल्या जुन्या वस्त्या पाडायला घेतल्या. त्याच ओस्मानच्या सूचनेवरून नगरपालिकेने १८६६ साली कार्नावाले नावाचा एक जुना वाडा विकत घेतला आणि १८८० मध्ये तिथे शहराचं संग्रहालय खुलं झालं. एकीकडे शहर पाडलं जात होतं आणि दुसरीकडे त्याची आठवण जपायची तजवीज चालली होती. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. हे नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं. तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिमा आणि देखावे पाहिले की शहरातले पोशाख, धंदे, वस्त्या डोळ्यांसमोर येतात. न्यूयॉर्क शहराचं संग्रहालय १९२३ चं.

कायमस्वरूपी दालन आणि तात्पुरतं प्रदर्शन, यातलं आधी काय पाहावं?

वेळ कमी असेल तर तात्पुरतं. ते काही महिन्यांत उतरतं आणि त्यातल्या वस्तू पुन्हा एकत्र येतीलच याची खात्री नसते. निम्म्या वस्तू दुसऱ्या संग्रहालयांकडून किंवा खासगी घरांतून उसन्या आणलेल्या असू शकतात. मुदत संपली की त्या आपापल्या ठिकाणी परत जातात.

पहिल्यांदाच येत असाल आणि हाताशी सबंध सकाळ असेल तर मात्र कायमस्वरूपी दालनापासून सुरुवात करा. शहर कुठल्या पाण्याच्या काठी वसलं, कुठल्या बाजूला वाढलं, कोण कुठून येऊन स्थायिक झालं याचा अंदाज आला की छोटी प्रदर्शनं जास्त उमगतात.

‘कायमस्वरूपी’ या शब्दावर मात्र विसंबू नका. अशी दालनंही काही वर्षांनी पुन्हा मांडली जातात आणि त्यासाठी अख्खी इमारत बंद ठेवावी लागते. कार्नावाले २०१६ ते २०२१ बंद होतं. तोक्योचं एदो-तोक्यो संग्रहालय २०२२ च्या एप्रिलमध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालं. लंडनच्या शहर संग्रहालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जुनी जागा सोडली, ती स्मिथफील्डच्या जुन्या बाजारात जाण्यासाठी. लांबून येणार असाल तर संग्रहालय उघडं आहे का एवढ्यावर थांबू नका, कुठली दालनं उघडी आहेत तेही आधी विचारून घ्या.

दालनात इतका अंधार का ठेवता? आणि चांगलं प्रदर्शन तीन-चार महिन्यांत का उतरवता?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे : उजेड. कापड, जलरंगातली चित्रं, हस्तलिखितं, जुनी छायाचित्रं, वर्तमानपत्रं या सगळ्यांना उजेड खातो. रंग उडतात, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) एवढाच प्रकाश पडू देतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. भर दुपारच्या उघड्या उन्हाचं मोजमाप लाखाच्या घरात जातं, यावरून ५० लक्स किती मंद असेल ते लक्षात येईल.

आणखी एक बाब आहे. उजेडाचा परिणाम साठत जातो. १०० लक्समध्ये एक तास ठेवा किंवा ५० लक्समध्ये दोन तास, वस्तूच्या खात्यावर तेवढंच नुकसान जमा होतं. आणि उडालेला रंग काही केल्या परत येत नाही. त्यामुळे एखादा रेशमी नकाशा तीन महिने लोकांसमोर राहिला की त्याला पुढची काही वर्षं अंधारात विश्रांती देतात. मंडळी हळहळतात, मलाही दर वेळी वाटतं की आणखी महिनाभर ठेवता आला असता. पण तो नकाशा आपल्या नातवंडांनाही वाचता यावा अशी इच्छा असेल तर दुसरा उपाय नाही.

आत शिरल्या शिरल्या काही दिसत नाही असं वाटलं तर चार-पाच मिनिटं थांबा. डोळे सरावतात.

इतक्या साध्या वस्तू का मांडता? अशी पाटी तर आमच्या गल्लीतही होती.

होती ना, म्हणूनच. आमच्या दालनात रस्त्याच्या नावाची इनॅमलची एक निळी पाटी आहे. लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, तेव्हा मी त्यांना जरा जवळ बोलावते. पाटीला चार कोपऱ्यांत चार भोकं आहेत. तीन गोल, स्वच्छ. चौथ्या भोकापाशी पत्रा बाहेरच्या बाजूला वाकून फाटला आहे आणि भोवतालचं इनॅमल बोटभर रुंदीत उडालं आहे. म्हणजे तीन स्क्रू कुणीतरी नीट काढले आणि चौथा निघेना म्हणून पाटी पहारीने उचकटली. तिच्या खालच्या अर्ध्या भागावर चुन्याचे बारीक शिंतोडे आहेत, कारण भिंतीला दरवर्षी पांढरा हात मारताना कुणी पाटी झाकायचं नाही. मधोमध एक अक्षर मात्र पार फिकट झालंय. पाटी बरीच खाली लावलेली असणार आणि मुलं जाता-येता तिथेच हात घासत असणार, असं मला वाटतं. हे शेवटचं सिद्ध करता येणार नाही, म्हणून फलकावर आम्ही ते लिहिलेलं नाही.

साधी वस्तू शहराबद्दल किती सांगू शकते याचं आणखी धीट उदाहरण लंडनचं. २०१७ मध्ये व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि टाकून दिलेल्या ओल्या पुसण्यांचा (वेट वाइप्सचा) सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा घट्ट गोळा सापडला. तो फोडून काढावा लागला. त्याचा एक वाळलेला तुकडा तिथल्या शहर संग्रहालयाने २०१८ मध्ये बंद पेट्यांत ठेवून लोकांना दाखवला. बघायला रांगा लागल्या. आपण जे टाकून देतो त्याचं पुढे काय होतं, हाही शहराचाच इतिहास आहे, आणि तो मांडायचं धाडस संग्रहालयाने करावं असं मला मनापासून वाटतं.

ही मूळ वस्तू आहे की प्रतिकृती?

फलकावर लिहिलेलं असतं, आणि नसेल तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रतिकृती दोन कारणांसाठी ठेवतात. मूळ वस्तू विश्रांतीला गेलेली असते, किंवा ती मुळात उरलेलीच नसते. एदो-तोक्यो संग्रहालयात निहोनबाशी या लाकडी पुलाचा अर्धा भाग खऱ्या मापाचा बांधलेला आहे आणि लोक त्यावरून चालत पलीकडे जातात. तो जुना पूल आहे असा दावा तिथे कुणी करत नाही. पण त्याच्या मध्यावर उभं राहिलं की पुलाची उंची आणि रुंदी पायांना कळते. चित्रातून ती कळत नाही.

प्रतिकृतीला मूळ म्हणून खपवणं हा मात्र बघणाऱ्याचा विश्वासघात आहे. त्याला कुठलंही कारण पुरेसं नाही.

शहरात घडलेल्या वाईट गोष्टीही दाखवता का? की सगळं गौरवाचंच?

दाखवायलाच हव्यात. दंगली, साथी, आगी, सक्तीने उठवलेल्या वस्त्या, पाणवठ्यावर कुणाला मनाई होती हे सगळं ज्या संग्रहालयात नाही, तिथे शहराचा अर्धाच इतिहास मांडलेला असतो.

याबाबतीत मला सर्वांत जवळचं वाटणारं संग्रहालय केपटाउनमध्ये आहे. डिस्ट्रिक्ट सिक्स ही तिथली मिश्र वस्ती. १९६६ च्या फेब्रुवारीत वर्णभेदी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काळात ६० हजारांहून अधिक लोकांना तिथून हलवून शहराबाहेरच्या रुक्ष सपाटीवर नेऊन टाकलं आणि घरांवर बुलडोझर फिरवले. १९९४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. चर्चच्या जमिनीवर वस्तीचा मोठा, हाताने रंगवलेला नकाशा अंथरला. उठवलेले रहिवासी यायचे, वाकून आपली गल्ली शोधायचे आणि आपलं घर जिथे होतं तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहायचे. वर रस्त्यांच्या जुन्या पाट्या टांगलेल्या आहेत. त्या पाट्या वाचल्या कशा? वस्ती पाडण्याच्या कामावर असलेल्या एकाने त्या फेकून न देता स्वतःकडे लपवून ठेवल्या होत्या. शेजारी लांबच लांब कापड असतं. लोक त्यावर आठवणी लिहितात आणि मग ती अक्षरं दोऱ्याने भरून पक्की करतात.

इथे वस्तू मोजक्या आहेत. प्रदर्शन उभं राहिलं ते बघायला आलेल्यांच्या हातून. आम्ही दालनात नकाशा मांडतो तेव्हा शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवतो, ते हेच उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून. कृपया चिठ्ठी लिहा. ‘छान’ एवढंच लिहू नका. ‘या कोपऱ्यावर सायकल भाड्याने मिळायची’ असं काहीतरी लिहा. अशा चिठ्ठ्या आम्ही फेकत नाही. तारीख घालून त्यांच्या फायली करतो.

अशा दुःखद आठवणी लहान मुलांना दाखवाव्यात का?

वयाला झेपेल तेवढ्या. ज्या दालनात त्रास होऊ शकेल अशी छायाचित्रं असतात, त्याच्या दाराशी सूचना लावलेली असते. ती वाचून आईवडिलांनी ठरवावं.

कार्यक्रम कोणकोणते असतात?

व्याख्यानं, अभ्यासकांसोबत दालनफेरी, शहरातल्या वारसाफेऱ्या, लघुपटांचे खेळ, मुलांच्या कार्यशाळा, आठवणींचं ध्वनिमुद्रण, आणि वस्तू हाताळण्याची सत्रं. यातलं एकच काही निवडायचं असेल तर शेवटचं निवडा. टेबलावर पाच-सहा वस्तू ठेवलेल्या असतात. त्यांची नावं कुणी सांगत नाही. त्या हातात घ्यायच्या, वजन बघायचं, कुठे झिजल्या आहेत ते शोधायचं आणि कशासाठी असतील ते ओळखायचं. झीज जिथे असते तिथे कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं टेकलेला असतो. आपला अंगठा आपोआप तिथेच जाऊन बसतो तेव्हा माणसं बोलायची थांबतात. काचेतून बघताना हे होत नाही.

वर्षातला ठरलेला दिवस म्हणजे १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. जागतिक संग्रहालय परिषदेने तो १९७७ पासून सुरू केला. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी प्रवेश मोफत असतो आणि एरवी बंद असलेल्या खोल्या उघडतात. रात्री संग्रहालयं उघडी ठेवायची प्रथाही आता बऱ्याच देशांत रुजली आहे. बर्लिनमध्ये १९९७ मध्ये तशी पहिली लांब रात्र झाली. अशा दिवशी गर्दी फार असते. मजा येते, पण नीट बघणं होत नाही. मजेसाठी त्या दिवशी या आणि बघण्यासाठी एखाद्या मधल्या वारी सकाळी परत या.

वारसाफेरी दालन पाहण्याआधी करावी की नंतर?

नंतर. दालनात जुना नकाशा पाहिलेला असला की रस्त्याचं अचानक आलेलं वळण बघून ‘इथे ओढा होता’ हे तुमचं तुम्हालाच सुचतं. फेरी सांगणाऱ्याने सांगण्याच्या आत सुचतं, आणि त्याचा आनंद वेगळाच असतो. पायांत चालण्याच्या चपला-बूट असू द्या आणि सोबत पाणी ठेवा.

नावनोंदणी करावीच लागते का?

व्याख्यानाला सहसा नाही. फेरी, कार्यशाळा आणि हाताळणी सत्राला करावी लागते, कारण तिथे माणसं मोजकीच घेता येतात. नाव नोंदवलं आणि यायला जमणार नसेल तर तसं कळवा. प्रतीक्षा यादीत कुणीतरी खरोखर वाट बघत असतं.

हाताळणी सत्रात पांढरे हातमोजे का देत नाही?

कागदासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हात जास्त सुरक्षित असतात. सुती मोज्यांमुळे बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि पान फाटतं. धातू आणि छायाचित्रांना मात्र घामाचा डाग पडतो, म्हणून तिथे नायट्राइलचे, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचे घट्ट मोजे देतात.

पूर्ण संग्रहालय पाहायला किती वेळ लागतो?

पूर्ण पाहू नका. तासाभराने पाय आणि लक्ष दोन्ही थकतात, पुढचं सगळं नुसतं डोळ्यांखालून जातं. एक प्रश्न मनात धरून या : आपण राहतो त्या जागी शंभर वर्षांपूर्वी काय होतं? शहरात पाणी कुठून यायचं? दिवे कधी आले? उत्तर शोधत दोन-तीन दालनं पाहा. मग बाहेर बाकावर बसा. बाकीचं पुढच्या वेळी.

फलक सगळे वाचायचा अट्टहास नको. एका वस्तूशेजारचा मजकूर आम्ही पन्नास-साठ शब्दांत बसवतो आणि त्यासाठी पुष्कळ खाडाखोड करतो. तरीही आधी वस्तू पाहा आणि मग मजकूर वाचा. उलट केलं की मजकुरात सांगितलेलं तेवढंच दिसतं.

फोटो काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी येतात, फ्लॅश आणि तिपाई सोडून. उसन्या आणलेल्या वस्तूंच्या बाबतीत मूळ मालकाने मनाई केलेली असू शकते. तशी खूण शेजारी लावलेली असते. वस्तूचा फोटो काढलात तर फलकाचाही काढा, नाहीतर घरी गेल्यावर ती काय होती हे आठवत नाही.

मुलांना इथे कंटाळा येतो. काय करावं?

मुलांना माहिती ऐकवली की कंटाळा येतो. त्यांना काम द्या. मी शाळेच्या गटांना एकच सांगते : दालनात अशी वस्तू शोधा जी दुरुस्त केलेली आहे. मग बघावं काय होतं ते. कुणाला तांब्याच्या भांड्याला मारलेलं ठिगळ सापडतं, कुणाला खुर्चीचा बदललेला पाय, कुणाला नकाशाला मागून लावलेलं कापड. मुलं गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून काचेखालून बघतात. मोठी माणसं असं कधी बघत नाहीत. त्यानंतर ‘ही वस्तू टाकून का दिली नसेल?’ असं विचारलं की गप्पा थांबत नाहीत.

चित्र काढायची आवड असेल तर कागद आणि पेन्सिल आणू द्या. पेन, रंग आणि पाण्याची बाटली दालनात नको.

वयस्कर किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी सोय असते का?

ही संग्रहालयं बऱ्याचदा जुन्या इमारतींत असतात, तिथे उंबरे आणि जिने असतात. कुठे उतार बांधले आहेत, उद्वाहन चालू आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारा. ‘सोय आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. दारापासून दालनापर्यंत किती पायऱ्या, असंच विचारा. उचलून न्यायच्या घडीच्या खुर्च्या मागितल्या तर मिळतात. दृष्टी नसलेल्यांसाठी स्पर्शाने पाहण्याच्या वस्तू आणि बोटांना कळतील असे उठावाचे नकाशे पुष्कळ ठिकाणी असतात, पण ते कपाटात पडून राहतात, कारण कुणी मागत नाही. कृपा करून मागा. मागणी नोंदवली गेली की पुढच्या प्रदर्शनात त्या वस्तू टेबलावर येतात.

२०२२ मध्ये प्रागच्या अधिवेशनात जागतिक परिषदेने संग्रहालयाची जी नवी व्याख्या मान्य केली, तिच्यात सर्वांना प्रवेश सुलभ असणं आणि समाजाचा सहभाग या गोष्टी आल्या आहेत. ती आमच्यावरची जबाबदारी आहे. तुम्ही मागता ते उपकार म्हणून मागत नाही.

संग्रहातल्या सगळ्या वस्तू का दिसत नाहीत?

जागा कमी असते, उजेडाचं गणित वर आलंच आहे, आणि अभ्यासासाठी जपलेल्या वस्तू मांडायच्या नसतातही. मोठ्या संग्रहालयांत संग्रहाचा बहुतांश भाग साठवणीतच असतो. तो तसा सुरक्षित असणं हेही काम आहे. शिकागोच्या इतिहास संस्थेचा सगळा संग्रह १८७१ च्या आगीत जळाला. त्यात गुलामगिरी संपवणाऱ्या जाहीरनाम्याचा लिंकन यांनी स्वहस्ते लिहिलेला अंतिम मसुदाही गेला. त्या संस्थेने पुन्हा शून्यातून संग्रह उभा केला आणि आज तेच शिकागोचं इतिहास संग्रहालय आहे.

घरात जुन्या वस्तू आहेत. संग्रहालयाला द्यायच्या तर कसं करावं?

आधी पुसू नका. पितळ चिंचेने घासून लखलखीत करून आणलं की त्यावरची झीज, ठसे, कधी कधी मालकाचं कोरलेलं नाव निघून जातं. फोटो चौकटीतून ओढून काढू नका, काचेला चिकटलेला असतो. फोटोच्या मागे शाईच्या पेनाने काही लिहू नका. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हात हलका ठेवून.

वस्तू आणण्याआधी तिचा फोटो आणि तिची हकिकत पाठवा. हकिकत जास्त महत्त्वाची. कुणाची होती, कुठल्या घरात होती, कुणी कशासाठी वापरली, तुमच्याकडे कशी आली. अमृतसरला २०१७ मध्ये फाळणीचं संग्रहालय उघडलं. तिथे एक फुलकारीचं (पंजाबी भरतकामाचं) जाकीट आणि एक चामड्याची ब्रीफकेस आहे. एरवी दोन जुन्या वस्तू. पण त्या दोन निर्वासितांच्या आहेत. घर सोडताना त्यांनी एवढंच सोबत घेतलं, पुढे छावणीत त्यांची गाठ पडली आणि लग्न झालं. कुटुंबाने हकिकत सांगितली नसती तर त्या दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवायचं कारणच नव्हतं.

देणगी की उसनवारी हे कागदावर ठरतं. देणगी म्हणजे मालकी संग्रहालयाकडे गेली, ती परत मागता येत नाही. उसनवारीत मुदत, विमा आणि परत करण्याची तारीख लिहिलेली असते. घरातल्या सगळ्यांना विचारून मगच सही करा. मागाहून भावंडांत वाद झाले की वस्तू अडकून पडते आणि कुणालाच दिसत नाही.

वस्तू आली की ती थेट संग्रहात जात नाही. कसर, वाळवी, लाकूड पोखरणारे किडे एका पेटीतून सगळ्या भांडारात पसरू शकतात. म्हणून ती आधी वेगळ्या खोलीत राहते. लाकडी किंवा कापडी वस्तूला थंडी सोसणार असेल तर प्लास्टिकमध्ये बंद करून उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस गोठवतात, म्हणजे अंडीसुद्धा मरतात.

आणि नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. तसल्याच दहा वस्तू आधी असतील, किंवा तिची निगा राखायची सोय नसेल. जिची काळजी घेता येणार नाही ती वस्तू घेणं हे देणाऱ्यावर अन्याय करणं आहे. पण वस्तू नाकारली तरी तिची हकिकत नोंदवून घ्या असं सांगा. ती नोंदवायला हरकत नसते.

वस्तू काहीच उरली नाही. आजीच्या फक्त आठवणी आहेत. त्या चालतील?

चालतील काय, हव्याच आहेत. ध्वनिमुद्रणाच्या दिवसाची वाट बघू नका. घरी फोनवरही करता येतं. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर ठेवा, सुरुवातीला तारीख, आजीचं नाव आणि मुद्रणाला तिची संमती तिच्याच आवाजात घ्या. एका वेळी पाऊण तास पुरे.

प्रश्न कसे विचारता यावर सगळं आहे. ‘त्या काळी शहर कसं होतं?’ असं विचारलं की ‘फार छान होतं’ एवढंच उत्तर येतं. ‘घराच्या दारातून बाहेर पडलं की उजव्या हाताला काय होतं?’ असं विचारा. मग ‘त्याच्या पुढे?’ आजी डोळे मिटून चालू लागते. दुकानं, विहीर, कुणाचा तरी ओटा, वासांसकट सगळं येतं. साल विचारून तिला अडवू नका, सालं आम्ही कागदपत्रांवरून लावतो. ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा, पुढचं वाक्य बहुतेक त्या शांततेनंतरच येतं. जे प्रसिद्ध होऊ नये असं तिला वाटतं ते तिने सांगितलं तर तसं नोंदवा, आम्ही तो भाग बंद ठेवतो.

फलकावर चूक आढळली. कुणाला सांगू?

कर्मचाऱ्याला सांगा आणि लेखी द्या, शक्य असेल तर आधारासह : जुनी पावती, फोटो, निमंत्रणपत्रिका, काहीही. एका बाईंनी आमच्या एका छायाचित्राखालची चौकाची ओळख चुकीची असल्याचं दाखवून दिलं. त्यांच्याकडे त्याच चौकातल्या दुकानाचं बिल होतं आणि दुकानाची पाटी फोटोत एका कोपऱ्यात अर्धी दिसत होती. आम्ही भिंग घेऊन पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. फलक बदलला, आणि त्या बिलाची प्रत आता छायाचित्राच्या नोंदीला जोडलेली आहे.

आम्ही दिलेली वस्तू कधीच प्रदर्शनात दिसली नाही. ती कुठे आहे?

भांडारात, आपल्या नोंद क्रमांकासह. प्रत्येक वस्तूचा क्रमांक नोंदवहीत आणि वस्तूवरही असतो. कापडाला तो फितीवर लिहून शिवतात, लाकडावर पुसता येईल अशा थरावर घालतात. आधी वेळ ठरवून आलात तर वस्तू बाहेर काढून टेबलावर ठेवता येते आणि तुम्हाला तिच्याजवळ बसता येतं. घरच्या मुलांना सोबत आणायचं असेल तर तेही सांगा, म्हणजे खुर्च्या तेवढ्या लावू. येताना देणगीच्या पावतीवरचा क्रमांक लिहून आणा. पावती सापडत नसेल तर देणाऱ्याचं नाव आणि अंदाजे वर्ष सांगा, वहीत शोधायला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच.